नोकरी न सोडता शिकू द्या, पण ड्यूटीचा हिशोब आधी करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नर्सिंगच्या शिक्षणाबद्दल पेपरात जे काही येतं ते बहुतेक बारावीनंतर काय आणि परदेशात संधी किती एवढ्यावरच असतं. ते हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या नर्सेस आधीच नोकरीत आहेत, ज्यांनी वॉर्डात कितीतरी वर्षं काढलीयेत आणि ज्यांना आता पुढे शिकायचंय त्यांच्याबद्दल कोणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र. मी आयसीयूत काम करते. मला एवढंच सांगायचंय की क्लिनिकल नर्सिंगमधलं पोस्ट ग्रॅज्युएशन, म्हणजे पीजी, नोकरी करता करता पार्ट टाइम करता आलं पाहिजे, आणि ते खरोखर झेपेल असं आखलेलं असलं पाहिजे, नुसतं माहितीपत्रकात ‘नोकरदारांसाठी सोयीचं’ असं छापून भागत नाही.

आधी अडचण सांगते. फुल टाइम पीजी करायचं म्हणजे नोकरी सोडा नाहीतर बिनपगारी रजेवर जा. हे कोणाला जमतं? जिची नोकरी नुकतीच लागलीये किंवा अजून लागलीच नाहीये, जिच्यावर घराची जबाबदारी नाही, तिला जमतं. जिच्या पगारावर घर चालतं, मुलं शाळेत आहेत, घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, ती फॉर्मसुद्धा आणत नाही. म्हणजे होतं काय तर पेशंटच्या उशाशी ज्यांनी सगळ्यात जास्त रात्री काढल्या त्याच उच्च शिक्षणाच्या बाहेर राहतात आणि ज्यांनी अजून धड एक व्हेंटिलेटर स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळलेला नाही त्यांच्या हातात स्पेशालिस्टची डिग्री येते. नवीन मुलींबद्दल मला काही वाईट बोलायचं नाहीये, त्या हुशार असतात, मेहनती असतात, पण क्लिनिकल या शब्दाचा अर्थच पेशंटजवळचं असा आहे ना, मग पेशंटजवळ असलेल्यांनाच दार बंद का?

आणि सगळ्यांना फुल टाइम पाठवायचं म्हटलं तरी मागे कामाला कोण राहणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरात साधारण २ कोटी ७९ लाख नर्सेस आहेत आणि ५९ लाखांचा तुटवडा आहे असं म्हटलंय, त्यातले हे आकडे २०१८ चे, म्हणजे कोविडच्या आधीचे. या नर्सेसपैकी ९० टक्क्यांच्या आसपास बायका आहेत हेही त्यातच आहे. ज्या कामात माणसं आधीच कमी आहेत आणि जे काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत, ज्यांना घरी गेल्यावर दुसरी ड्यूटी असते, तिथे दोन वर्षं सगळं सोडून या असं सांगणारा कोर्स कुणाच्या सोयीने आखलाय हे मला कळत नाही.

आता बरेच जण विचारतात, डॉक्टरही अगदी मनापासून विचारतात, की सिस्टर तुम्हाला सगळं येतं, मग पीजी कशाला? याचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय कारण इथेच खरी गोम आहे.

श्वासाचंच घ्या. कुठल्याही वॉर्डात जाऊन चार्ट बघा, बीपी नीट लिहिलेलं असतं, पल्स असते, सॅच्युरेशन असतं, आणि श्वासाच्या रकान्यात बऱ्याचदा सगळ्यांचा १८ नाहीतर २०. कारण बाकी सगळं मशीन दाखवतं आणि श्वास मात्र घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट उभं राहून मोजावा लागतो. आणि पेशंट बिघडायला लागला की सगळ्यात आधी बदलणाऱ्या गोष्टींत हाच असतो. पेशींना पुरेसं रक्त पोचेनासं झालं की शरीरात आम्ल साठायला लागतं, ते कमी करायला शरीर जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, आणि हे चाललेलं असताना रक्तवाहिन्या आवळून, हृदय जोरात पळवून बीपी मात्र बराच वेळ ठीकठाक ठेवलेलं असतं. बीपी पडलं तेव्हा धावाधाव होते पण तोपर्यंत काही तास गेलेले असतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली ‘न्यूज’ म्हणजे नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, बिघडत चाललेला पेशंट वेळेत ओळखायची पॉइंटची पद्धत, आणला त्यात श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला २ आणि २५ किंवा त्याच्या वर गेला की एकट्या श्वासाचेच ३ पॉइंट, आणि एकाच गोष्टीला ३ मिळाले तरी पेशंटला तातडीने बघायचं असा नियम आहे.

अनुभवी नर्सला हे आतून कळतंच. पेशंटकडे बघून तिला वाटतं हा आज बरा नाहीये. ती डॉक्टरांना फोन करते, सर, पेशंट जरा ठीक वाटत नाहीये, आणि पलीकडून येतं, बीपी काय आहे, नॉर्मल आहे ना, मग बघू सकाळी. तिथेच विषय संपतो. तिला कळलेलं अगदी बरोबर असतं पण ते मांडायला लागणारी भाषा आणि ते का होतंय याचं कारण तिला कोणी नीट शिकवलेलं नसतं. तीच नर्स जर म्हणाली की सर, संध्याकाळपासून श्वास १८ वरून २६ वर गेलाय, दोन तासांत युरिन फक्त २० एमएल आहे, हातपाय गार पडलेत, मला सेप्सिसची शंका येतेय, लॅक्टेट आणि कल्चर पाठवते, तुम्ही येऊन बघा, तर कुठलाही डॉक्टर तो फोन टाळू शकत नाही. (सेप्सिस म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागणं, लॅक्टेट आणि कल्चर या त्यासाठीच्या रक्ताच्या तपासण्या.) वर्षानुवर्षांच्या अनुभवातून जे हाताला आणि डोळ्याला येतं त्याला शरीरशास्त्राचा, औषधशास्त्राचा आणि पुराव्याचा आधार देणं हे चांगलं क्लिनिकल पीजी करतं. म्हणून तर ते अनुभव असलेल्यांनाच आधी मिळायला हवं, त्यांच्याकडे ज्याला आधार द्यायचा तो अनुभव तयार आहे.

शिक्षणाचा फरक पेशंटच्या जीवावर पडतो हे नुसतं माझं मत नाही. २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा युरोपातल्या ९ देशांतला मोठा अभ्यास आला होता, ३०० हॉस्पिटलं आणि ४ लाख २२ हजारांच्या वर ऑपरेशन झालेले पेशंट. त्यात दिसलं की पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती, आणि एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. हा अभ्यास पदवीबद्दल आहे, पदव्युत्तरबद्दल नाही, आणि तो संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे मी आवर्जून लिहितेय कारण आकडे ताणून वापरलेले मला आवडत नाहीत. पण त्या दोन आकड्यांतून एक गोष्ट उघड दिसते. शिक्षण वाढवायचं आणि त्यासाठी वॉर्डातली माणसं कमी करायची असं केलं तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जाईल. दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं असेल तर नोकरीत राहूनच शिकण्याची सोय लागणार.

तशी पेशंटजवळ राहूनच पुढे शिकायची कल्पना जुनीच आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ या नर्सने १९५४ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात मानसोपचाराच्या नर्सिंगमधला मास्टर्स कोर्स सुरू केला, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट तयार करणारा तो पहिला कोर्स मानतात. त्यामागचा विचार असा की चांगल्या नर्सला पुढे जायचं तर ऑफिसात किंवा कॉलेजात जावं लागू नये, तिने पेशंटजवळ राहूनच तज्ज्ञ व्हावं. पुढे १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर या नर्स-डॉक्टर जोडीने नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे पेशंटला स्वतः तपासून उपचार ठरवणाऱ्या नर्सेसचा, कार्यक्रम काढला. इतकी वर्षं झाली तरी बहुतेक ठिकाणी नर्सचं प्रमोशन म्हणजे पेशंटपासून एक पाऊल लांब, स्टाफची इन्चार्ज झाली की रजिस्टर, इन्डेंट, रोस्टर, आणि पीजी झालं की थेट ट्यूटर.

आता मुद्द्याचं, पार्ट टाइम म्हणजे नेमकं किती. ब्रिटनच्या पद्धतीत पूर्ण मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास धरतात, लेक्चर, वाचन, असाइनमेंट, प्रॅक्टिकल सगळं मिळून. म्हणजे १८०० तास. हे दोन वर्षांत करायचं तर आठवड्याला जवळजवळ १८ तास होतात. पूर्ण वेळ ड्यूटी, त्यात नाईट, त्यात घर, आणि वर १८ तास, हे कोणाच्याही शरीराला झेपणारं नाही आणि जिला झेपतंय असं वाटतं तिच्या हातून तिसऱ्या नाईटला औषधाची चूक होऊ शकते, तो धोका पेशंटला आहे. तीन वर्षांत पसरवलं तर आठवड्याला १२ तास. त्यातले ४-५ तास जरी ड्यूटीच्या वेळेतून सुटले तर ते माणसाच्या आवाक्यात येतं. म्हणून मला वाटतं नोकरीवाल्या नर्सेससाठी दोन वर्षांचा पार्ट टाइम कोर्स काढूच नये, तीन वर्षांचा काढावा आणि पाच वर्षांपर्यंत पूर्ण करायची मुभा द्यावी.

ब्रिटनमधली अजून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ६० क्रेडिट झाले की पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा, १८० ला मास्टर्स, अशा पायऱ्या असतात. मध्येच बाळंतपण आलं, घरी कोणी आजारी पडलं, बदली झाली, तर जेवढं केलं तेवढं तरी पदरात पडतं. सगळं किंवा काहीच नाही असा कोर्स असेल तर पहिल्याच संकटाला बाई कायमची बाहेर पडते, अशा किती तरी जणी मी बघितल्यात, फीही गेली आणि हातात कागदही नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेळापत्रकात. कोर्स आखणारे लोक धरून चालतात की नोकरी म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं, म्हणून क्लास ठेवतात दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला. आता जिची एका आठवड्याला मॉर्निंग, एका आठवड्याला इव्हिनिंग आणि मग नाईट अशी ड्यूटी फिरते तिने दर मंगळवारी सहाला हजर कसं राहायचं? मग ती सहकाऱ्यांकडे ड्यूटी बदलून मागते, आज तू कर, तुझी नाईट मी करते, आणि असं करत महिनाभरात तिच्या नावावर इतक्या उसन्या ड्यूट्या साठतात की फेडता फेडता जीव जातो, आणि वॉर्डातलं वातावरण बिघडतं ते वेगळंच. आमच्या कामाला ठरलेली संध्याकाळ चालत नाही, ब्लॉक चालतो. महिन्यातून सलग दोन-तीन दिवस क्लास, त्यांच्या तारखा सहा महिने आधी जाहीर, बाकी लेक्चर रेकॉर्ड केलेली, आणि नाईटवरून आल्या दिवशी काहीही ठेवायचं नाही. परीक्षेच्या तारखा रोस्टर लागायच्या आधी कळल्या पाहिजेत. यात पैसे लागत नाहीत, फक्त विद्यापीठाने आणि मेट्रन ऑफिसने वर्षातून दोनदा एकत्र बसायला लागतं.

आणि हॉस्पिटलने हे लेखी दिलं पाहिजे. तोंडी आश्वासनावर मी आता विश्वास ठेवत नाही. एका ठिकाणी प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं की शिका, आम्ही सांभाळून घेऊ, आणि पहिल्याच ब्लॉकच्या आदल्या दिवशी स्टाफ कमी आहे म्हणून सुट्टी रद्द झाली, हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. यात इन्चार्ज सिस्टरचाही दोष नव्हता, तिच्याकडे खरंच माणूस नव्हतं. म्हणून शिकणाऱ्या नर्सच्या ब्लॉकच्या दिवसांसाठी बदली स्टाफ आधीच मंजूर असला पाहिजे, ते काही कोणाच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नाही. तसंच ती दुसऱ्या युनिटमध्ये शिकायला गेली असेल, समजा मेडिकल वॉर्डची नर्स कार्डियाक आयसीयूत, तर तिथे तिला स्टाफच्या गणतीत धरायचं नाही. नाहीतर शिकायला पाठवलेली बाई तिथे चार बेड सांभाळत बसते आणि शिकते काय तर तिथली कपाटं कुठे आहेत ते.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलते. पार्ट टाइमच्या नावाखाली नुसतं ऑनलाइन, घरबसल्या क्लिनिकल स्पेशालिस्ट व्हा असं जे निघतं त्याला माझा ठाम विरोध आहे. फार्माकोलॉजी, रिसर्च, स्टॅटिस्टिक्स ऑनलाइन खुशाल शिकवा, पण पेशंटची पूर्ण तपासणी, व्हेंटिलेटरवरून पेशंट हळूहळू काढणं, शेवटच्या दिवसांतल्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणं हे स्क्रीनवर येत नाही. अमेरिकेत क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टच्या सर्टिफिकेशनसाठी देखरेखीखालचे किमान ५०० तास लागतात, आणि नर्स पार्ट टाइम शिकतेय म्हणून त्यातला एक तासही कमी होत नाही. तसंच पाहिजे. फक्त हे तास तिच्या स्वतःच्या वॉर्डात, तिच्या स्वतःच्या पेशंटवर, मेंटॉरच्या नजरेखाली झाले तर ते धरले जावेत. रोजची ड्यूटी आणि शिकण्याचे तास एक नाहीत हे मला मान्य आहे. नुसती आठ तास ड्यूटी केली म्हणून लॉगबुक भरायचं नाही, त्या ड्यूटीत ठरवून एक पेशंट घ्यायचा, त्याची पूर्ण तपासणी करायची, योजना लिहायची, मेंटॉरला सांगायची, तिने उलटे प्रश्न विचारायचे, चूक दाखवायची, तेवढेच तास मोजायचे. ब्रिटनमधल्या आयसीयूंच्या मानकांत किमान ५० टक्के नर्सेसकडे क्रिटिकल केअरचं वेगळं शिक्षण असावं असं आहे, आता एवढ्या नर्सेस बाहेरून तर येणार नाहीत, त्या त्याच युनिटमध्ये काम करत करत तयार कराव्या लागतात.

प्रबंधाचंही तसंच. कित्येक प्रबंध ‘अमुक विषयावरील ज्ञानाचे मूल्यमापन’ असे असतात, प्रश्नावली वाटली, भरून घेतली, टक्केवारी काढली, कपाटात ठेवली. नोकरी करणाऱ्या नर्सकडे याहून चांगले प्रश्न रोज समोर असतात. आमच्याकडे लघवीच्या नळ्या गरज संपल्यावरही किती दिवस राहतात? बेडसोर कुठल्या पेशंटला आणि ॲडमिशनच्या कितव्या दिवशी होतात? अमेरिकेत मिशिगनमधल्या आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी, घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवल्या, हात धुणं, पूर्ण अंग झाकणारी निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, जांघेतली जागा टाळणं आणि गरज संपली की लाइन काढणं, आणि नियम मोडताना दिसला तर नर्सने डॉक्टरला थांबवायचं अशी मुभा दिली. २००६ मध्ये त्याचे निकाल छापून आले, १०३ आयसीयूंची आकडेवारी, आणि लाइनच्या इन्फेक्शनचा मध्यक (सगळ्या आयसीयूंमधला मधला आकडा), लाइन असलेल्या दर हजार दिवसांमागे, २.७ वरून शून्यावर आलेला. असलं काम शिकणाऱ्या नर्सने आपल्याच वॉर्डात केलं तर तिला डिग्री मिळेल आणि पेशंटला त्याच वर्षी फायदा होईल. हॉस्पिटलवाले विचारतात ना आम्हाला काय मिळणार, हे मिळणार.

आणि शेवटी पदाचा प्रश्न राहतोच. तीन वर्षं झिजून डिग्री घेतली आणि परत त्याच पदावर, त्याच पगारात, त्याच रोस्टरमध्ये, सल्ला द्यायचा अधिकार नाही, तर ती बाई का थांबेल? ती कॉलेजात जाईल किंवा देश सोडेल, आणि मग हेच लोक म्हणणार शिकवून काही उपयोग नाही, शिकल्या की जातात. हॉस्पिटलने फी भरली असेल तर एक-दोन वर्षं इथेच काम करायची अट घालावी, मला त्यात गैर वाटत नाही, पण त्यासाठी ओरिजिनल सर्टिफिकेट्स अडकवून ठेवणं हे चुकीचं आहे. त्यापेक्षा वॉर्डातच वरचं क्लिनिकल पद तयार करा, ज्यात ती अवघड पेशंट बघेल, नवीन स्टाफला बेडजवळ शिकवेल, प्रोटोकॉल लिहील, आणि त्याचा वेगळा पगार असेल.

संपादक साहेब, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. प्रवेशाच्या दिवसांत नर्सिंगच्या पीजी कोर्सबद्दल जेव्हा लिहाल तेव्हा फी आणि जागा याबरोबर संबंधित विद्यापीठाला हेही विचारा की पेशंटजवळचे देखरेखीखालचे तास किती, ब्लॉकच्या तारखा कधी जाहीर करता, आणि नोकरीत असलेल्या किती जणींनी कोर्स खरोखर पूर्ण केला. हा शेवटचा आकडा विचारलात की खूप काही कळेल. आणि ज्या नर्सेसनी पार्ट टाइम शिक्षण मध्येच सोडलं त्यांना का सोडावं लागलं हे लिहायला या सदरात थोडी जागा द्या, फक्त नाव छापायची अट ठेवू नका, बऱ्याच जणी अजून त्याच हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर आहेत.

आपली,
एक स्टाफ नर्स, आयसीयू